नाना, विषय क्रमांक चार राहूनच गेला

नाना, काल आपली बैठक झाली. तुम्ही गुरुवारी दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत, आणि रविवारच्या बैठकीच्या नोटिसा तर आधीच गेलेल्या होत्या. बैठक रद्द करायची का, कुणाकुणाला कळवायचं, याचा विचार करण्याइतकं कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यामुळे माणसं आली. कुणी जीप करून, कुणी फटफटीवर, कुणी एसटीनं. वडवणीतल्या मंगल कार्यालयाच्या त्याच मागच्या खोलीत बसली. जिल्हा कार्यकारिणीच्या बैठकीला म्हणून बोलावलेल्या माणसांनी तुमची शोकसभा केली.

आज सोमवार. तहसीलसमोरचं माझं टायपिंगचं दुकान मी उघडलंय, पण शटर अर्धंच वर केलंय. म्हणजे गिऱ्हाईक आत येणार नाही आणि घरी कुणी काही विचारणार नाही. समोरचा बाक रिकामा आहे. बावीस वर्षं आपल्या पक्षाचं कार्यालय म्हणजे हा बाक. पक्षाचा अध्यक्ष त्यावर पेपर वाचत बसायचा आणि पक्षाचा सरचिटणीस लोकांचे उत्पन्नाच्या दाखल्याचे अर्ज टाइप करता करता त्याच्याशी भांडायचा. भांडण एकच. पक्ष वाढत नाही तो तुमच्यामुळे, असं मी म्हणायचो. पक्ष टिकलाय तोच माझ्यामुळे, असं तुम्ही म्हणायचात. दोघंही बरोबर असू, हे आत्ता सुचतंय. तेव्हा सुचलं असतं तर इतका चहा लागला नसता.

जे सांगायचं आहे ते आधी सांगून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचंच लिहीत बसेन.

कालच्या नोटिशीवर चार विषय होते. मागील बैठकीचं इतिवृत्त वाचणे, सभासद नोंदणी, येणाऱ्या निवडणुका, आणि चौथा: 'पक्षाच्या अध्यक्षपदाबाबत विचार करणे.' ही झाली कागदाची भाषा. सरळ बोलायचं तर नानांना बाजूला करणे. ठराव मी टाइप करून तयार ठेवला होता. आणि नोटिशीवर अध्यक्षांची सही लागते, म्हणून ती तुमच्याकडूनच घेतली. दुसऱ्या तीन कागदांच्या मधे तो कागद घातला. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "कुठं करू, चिटणीस?" मी बोट ठेवलं. तुम्ही सही केलीत, पेन परत दिलंत आणि म्हणालात, "टाइप मात्र झकास करतू बे तू."

तुम्ही पेपर जाहिरातींसकट वाचणारे. पण मी पुढे केलेला कागद तुम्ही कधी वाचला नाहीत. तुमची ही सवय मला माहीत होती आणि मी ती वापरली. तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. बावीस वर्षं तोंडावरच भांडत आलेल्या माणसाची हिंमत नेमकी तिथं संपली.

तुम्हाला कळलं होतं का? गुरुवारपासून हा एकच प्रश्न मला खात होता. कळलं नसेल तर मी तुम्हाला फसवलं. कळलं असेल तर तुम्ही ते मनात घेऊन गेलात. दोन्हीपैकी कुठलं बरं, ते मला ठरवता येईना. तुमच्या तिरडीला खांदा देताना, पुढच्या बाजूला, लोक म्हणत होते की चिटणीस म्हणजे नानांचा उजवा हात. मला मान वर करवली नाही.

ठराव का लिहिला, हे तुमच्यासमोर नीट, शांतपणे मांडता आलं नाही. मी दोन वाक्यं बोललो की तुम्ही सुरू व्हायचात. आता मात्र तुम्हाला ऐकावं लागेल.

उमापूरची सभा आठवा. गेवराई तालुक्यात आपण पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. तिथली एक कृषी पदविका झालेली मुलगी पहिल्यांदा माईकवर बोलणार होती, आठ दिवस भाषण पाठ करत होती. तिच्या आधी तुम्ही "दोनच शब्द" म्हणून उठलात. सावल्या लांब झाल्या, बायका भाकरी टाकायच्या म्हणून उठून गेल्या, तुमचे दोन शब्द चालूच. बसलेला एकही बाप्या हलला नाही, हेही मान्य करतो. मग एकदम आभार. मुलीनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या पक्षात गेली, तिथं आता चांगलं बोलते. मी परतीच्या एसटीत तुम्हाला म्हणालो तर तुमचं उत्तर तयार.

"लोकं मला ऐकाया आलती बे."

"तेच तर म्हणतोय, नाना."

"मग बिघडलं काय?"

एसटी खडखडत होती आणि तुम्ही खरोखर विचारत होतात. बिघडलं काय, हे तुम्हाला कळत नव्हतं.

आपला पक्ष लहान, म्हणून निशाणीसुद्धा कायमची मिळत नाही. एका निवडणुकीला छत्री, पुढच्या वेळी कपबशी, मग शिलाई मशीन. मी म्हणायचो, लोकांना पक्षाचं नाव तरी पाठ करून देऊ. तुम्ही म्हणायचात, "निशाणी बदलू दे. माझं तोंड तर तेच हाय ना." आणि तुम्ही स्वतः उभे नसलेल्या निवडणुकीत म्हाताऱ्या मत देऊन बाहेर यायच्या आणि मला सांगायच्या, "मशीनवर नानाचं नावच न्हाई की रं. मग दाबलं कोणचंबी." मला तिथंच खाली बसावंसं वाटायचं.

हेही सगळं मी पोटात घातलं असतं. पोटात गेलं नाही ते सुभद्राबाईच्या निवडणुकीचं.

पंचायत समितीची ती निवडणूक ऐन ऊसतोडीत आली. जागा महिलांसाठी राखीव होती. सुभद्राबाई स्वतः कोयता चालवणारी बाई, नवऱ्याला उसाच्या फडात ठेवून अर्ज भरायला आली. दारोदार फिरली. नवऱ्याच्या नाही, स्वतःच्या नावानं ओळखली जाणारी, आणि तुमच्यापुढं पदर सावरत न बोलणारी आपल्याकडची ती एकटीच. आपल्या सगळ्या इतिहासात जिंकता येईल अशी ती एकच जागा होती. अडचण इतकीच की मतदान गावात आणि तिचे मतदार कृष्णाकाठच्या फडात.

अशा वेळी मोठे उमेदवार फडात ट्रक पाठवतात, माणसं भरून आणतात, मतदान झालं की परत नेऊन सोडतात. आपल्याकडे सायकलसुद्धा माझीच होती. माझा बेत साधा होता आणि तो काही माझा शोध नव्हता, सगळेच करतात. त्यांच्या ट्रकमध्ये बसा, गावात या, आत जाऊन शिलाई मशीनचं बटण दाबा. आत कोण बघतंय? हा निरोप घेऊन तुम्हाला मीच पाठवलं, कारण फडात दुसऱ्या कुणाचं कोण ऐकणार? तुम्ही आठ दिवस पायी फिरलात, पाचटाच्या कोप्यांपुढं, त्या झोपड्यांच्या दारात बसून त्यांच्यातलीच चटणी-भाकरी खाल्लीत. आणि सांगून काय आलात?

"ज्याच्या गाडीत बसला त्याचं मीठ खाल्लं. मग मत त्यालाच द्या. ते जमत नसंल तर गाडीत बसू नका. खोटेपणाचं मत मला नको."

मला नको, म्हणालात. जशी काही निवडणूक तुमची होती.

मतदानाच्या सकाळी मी गावाच्या फाट्यावर उभा होतो. पहिला ट्रक आला, त्यात चार-दोन माणसं. दुसरा आला, तोही तसाच. समोरच्या उमेदवाराचा माणूस ड्रायव्हरवर खेकसला, "बाकीचे काहून आले न्हाईत बे?" ड्रायव्हर म्हणाला, "बसंनातच की! नाना सांगून गेलेत म्हणं, दुसऱ्याच्या गाडीत बसायचं न्हाई." त्या माणसानं माझ्याकडं बघितलं आणि तो हसला. लोक तुमचं ऐकतात, हीच आपली ताकद, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. ती ताकद किती मोठी आहे, ते त्या दिवशी रिकाम्या ट्रकमध्ये दिसलं.

ऊसतोड्यांच्या एका तळावर जेवढी माणसं असतात, तेवढ्याही मतांचा फरक नव्हता. सुभद्राबाई पडली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती फडात परत गेली आणि हंगाम संपेपर्यंत मोळ्या वाहत राहिली. मला वाटतं ती तुम्हाला एक शब्द बोलली नाही. मी मात्र बोललो, या बाकावरच.

तुम्ही म्हणालात, "चिटणीस, आज माणसं आपल्यासाठी दुसऱ्याशी खोटं बोलली आसती, तर उद्या दुसऱ्यासाठी आपल्याशी बोलली आसती."

मी म्हणालो, "उद्या याया आज जिंकावं लागतंय, नाना."

"तू लई हिशोबी हाय बे."

"आन तुमी?"

"मी म्हातारा हाय," म्हणालात आणि छत्री उचलून चालते झालात. त्यानंतर पंचायत समितीची निवडणूक लागलीच नाही, दर वर्षी लागणार लागणार म्हणत पुढे गेली. आपलं भांडणही तसंच लोंबकळत राहिलं. तुम्ही चुकलात, असं मी आजही म्हणतो. तुम्ही गेलात म्हणून ते मागे घेणार नाही. तुम्हाला ते आवडणारही नाही.

पण एक गोष्ट मी त्या भांडणात कधी कबूल केली नाही. ती माणसं तुमचं इतकं ऐकत का होती?

मी पक्षात यायच्या आधीचं, म्हणजे पक्षच नव्हता तेव्हाचं सांगतो. दुकान नवं होतं. आई-बाप ऊसतोडीला गेले की मागं राहिलेल्या पोरांना गावात जेवू घालायचं हंगामी वसतिगृह असतं ना, ते तुमच्या गावात फक्त कागदावर चालू होतं. तुम्ही त्या सगळ्या पोरांना ताटल्या घेऊन तहसीलच्या पायऱ्यांवर आणून बसवलंत. घोषणा नाही, काही नाही. पोरं रिकाम्या ताटल्या पुढे ठेवून बसली आणि तुम्हीही त्यांच्या पंगतीत एक ताटली घेऊन बसलात. आत जाणारा-येणारा प्रत्येक माणूस त्या पंगतीतून वाट काढत जात होता. दुपारी जेवण आलं. दुसऱ्या दिवशी वसतिगृह सुरू झालं. सुभद्राबाईची थोरली त्या पंगतीत होती, हे मला पुढं कळलं.

पोरं जेवत असताना तुम्ही रस्ता ओलांडून माझ्याकडं आलात. म्हणालात, "एक अर्ज लिव्हून दे. सोपा लिही, आन वाचून दाखव." मी वाचून दाखवला. तुम्ही मान हलवलीत, सही केलीत. त्यानंतर पुन्हा कधी वाचून दाखव म्हणाला नाहीत.

पुढं पक्ष काढलात तेव्हाही तुम्ही असाच रस्ता ओलांडून मला बोलवायला आलात. मला दुसऱ्या कुठल्याही पक्षानं असं बोलावलं नव्हतं. तुम्ही नसतात तर मी आयुष्यभर दाखल्यांचे अर्जच टाइप करत बसलो असतो आणि ते कुणासाठी, हे वर बघून विचारलं नसतं. तुमचे उपकार मानायचे राहिले ते भांडणाच्या गडबडीत. आता मानतो. पण अशा माणसाला बाजूला हो म्हणायचं तरी कसं? आष्टीचे आपले कार्यकर्ते तीन बैठकांना आले नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, "नाना हायेत की. आमी येऊन काय करायचंय?" तो फोन ठेवला आणि ठराव टाइप करायला घेतला. तुमच्यावरचा राग नव्हता तो. निदान नुसता राग नव्हता.

तर कालचं सांगतो.

तुमचा फोटो कुठं ठेवायचा, यावरून थोडा गोंधळ झाला आणि शेवटी तो अध्यक्षाच्या खुर्चीवरच ठेवला, कारण तिथं बसायला कुणी धजेना. मी शोकप्रस्ताव वाचला. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग मी खाली बसायला हवं होतं. नाही बसवलं.

"नोटिशीवरचा विषय क्रमांक चार मी घातलता," मी म्हणालो. "नानांना काढायचा ठराव मी लिहिलाय. त्यांची सही मी फसवून घेतली. त्यांना ठाऊक नव्हतं."

मला वाटलं, आता कुणीतरी उठून माझी गचांडी धरेल. धरली असती तर बरं वाटलं असतं.

सुभद्राबाई भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "आमाला म्हाईत हाय, भाऊ."

"कसं काय?"

"नानांनीच सांगितलं की. मंगळवारी माझ्या घरी आलते. समद्यांच्याच घरी जाऊन आले, इचारा."

मी बघितलं तर खोलीभर माना हलत होत्या. ती पुढं सांगू लागली. "म्हणले, रविवारी चिटणीस ठराव मांडंल. मांडताना त्याची बोबडी वळंल. तुमी येळ लावू नका, झटकन हात वर करा, म्हंजी बिचारा सुटंल."

नाना, तुम्ही वाचलं होतंत. मी खाली बसलो आणि रडलो. सांगायला मला लाज वाटत नाही, तिथं सगळ्यांसमोर रडलो. गुरुवारी रडलो नव्हतो तेवढं रडलो. मी केलेली फसवणूक तुम्ही पेन परत द्यायच्या आधीच माफ केली होतीत आणि उन्हातान्हात गावोगाव हिंडून माझीच बाजू मांडत होतात.

आणि मग मला संताप आला. हो, तिथंच, डोळे पुसता पुसता. तुम्हाला काढायचं तेसुद्धा तुमच्याच हुकमानं! काल तुम्ही हयात असतात तर खोलीतले सगळे हात वर झाले असते, ठराव मंजूर झाला असता, आणि बदललं काय असतं? पुन्हा नाना म्हणाले म्हणून. मी उभा राहिलो आणि जरा मोठ्यानंच विचारलं, "नानांनी सांगितलं नसतं तर? तर कुणी केला असता हात वर?"

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणी चप्पल शोधल्यासारखं खाली बघत होतं.

"मी केला आसता," सुभद्राबाई म्हणाली. "नानांनाबी तेच म्हणले त्या दिवशी. म्हणले, हात वर करणार, पण तुमी सांगताय म्हणून न्हाई. निवडणूक माझी व्हती. माणसं माझी व्हती. तुमी मला न इचारता फडात जाऊन ती थांबवली. तुमी माझं लई केलं, पोरीला जेवू घातलं, ते मी जन्मभर इसरणार न्हाई. पण हे बी इसरले न्हाई. हात ह्या कारणापायी वर करणार."

मी विचारलं, "मग? नाना काय म्हणाले?"

"काय म्हणणार? चहाचा कप तसाच हातात धरून बसले. मग म्हणले, चुकलं माझं. चहा पिले आन गेले."

माझ्यासमोर तुम्ही हे दोन शब्द कधी उच्चारले नाहीत. मला वाईट वाटलं नाही. ते मला म्हणायचे नव्हतेच, ज्या बाईला म्हणायचे होते तिलाच म्हणालात.

मी खुर्चीवरचा तुमचा फोटो उचलून टेबलावर ठेवला आणि तिला म्हणालो, या, बसा. अध्यक्षपदाचं तुमच्या दहाव्यानंतर रीतसर ठरेल. आजच्यापुरतं कुणीतरी बसायला पाहिजे. ती आढेवेढे न घेता येऊन बसली. भाषण केलं नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाला म्हणाली, "तुमचं काय म्हणणं हाय? नानांचं न्हाई, तुमचं." तो गडबडला, काहीतरी बोलला. मग त्याच्या शेजारच्याला. मग त्याच्या मागच्याला. आष्टीहून आलेल्यांनासुद्धा.

बैठक ऊन उतरेपर्यंत चालली. माणसं तुमच्यावर चिडलेली होती, हे मला काल कळलं. कुणाची उमेदवारी, कुणाचं भाषण, कुणाची न वाचलेली चिठ्ठी, काय काय निघालं. बोलता बोलता रडत होती आणि रडता रडता तक्रार सांगत होती. बावीस वर्षांत आपल्या पक्षाची इतकी चांगली बैठक झाली नव्हती. आणि नाना, मला ठराव मंजूर करून तुम्हाला घरी बसवायचं नव्हतं हो. मला तुम्हाला त्या खोलीत बघायचं होतं, शेवटच्या रांगेत, दाराजवळ, पेपरची घडी मांडीवर ठेवून, दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं ऐकताना.